नावं तशीच ठेवल्याबद्दल, दादा

कोल्हापूर

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या जुन्या फोटोंचा बॅकअप तुम्ही मार्गी लावून दिलात. त्याचे आभार चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

स्कॅन केलेल्या फायलींची नावं तालमीतल्या वयस्कर मंडळींनी सांगितलेली. 'खासबाग मैदान, डावीकडून दुसरे नाना (पटका बांधलेले)' अशी. फोटोत कोण आहे हे सांगणारं दुसरं काहीच आमच्याकडे नाही. बॅकअप घेणारी स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी) मात्र नावातल्या पहिल्याच स्पेसला अडायची आणि 'खासबाग' नावाची फाइल सापडत नाही म्हणायची. ज्याला विचारावं तो सांगे, नावं इंग्रजीत करा, स्पेस काढून टाका. तुम्ही म्हणालात, "नावं आहेत तशी राहू देत, स्क्रिप्ट बदलू." हे ऐकून केवढा धीर आला!

तुम्ही सांगितलेलं पोरांनी वहीत उतरवून घेतलंय. फायलीचं नाव ठेवलेलं व्हेरिएबल डबल कोटात नसेल तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) स्पेसपाशी नावाचे तुकडे पाडतं. डॅशने सुरू होणारं नाव कमांडला ऑप्शन वाटतं, म्हणून आधी डॉट-स्लॅश लावायचं. आणि युनिक्समध्ये फायलीच्या नावात स्लॅश आणि नल बाइट (शून्य किमतीचा, न दिसणारा बाइट) सोडून काहीही चालतं, अगदी एंटरसुद्धा. म्हणून फाइंड या फायली शोधणाऱ्या कमांडची यादी ओळींवर न तोडता प्रिंट-झिरो लावून नल बाइटवर तोडायची.

एवढं करूनही 'घाटाच्या पायऱ्या' ही फाइल डोळ्यांना दिसे, पण स्क्रिप्टला आमच्या यादीतल्या नावाने सापडत नसे. इथे दुसरा कुणीही कंटाळला असता. तुम्ही दोन्ही नावं बाइट-बाइट उलगडून दाखवलीत. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोड-रूपं एकसारखी करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, म्हणून तुम्ही तुलनेपुरती वेगळी जुळणी लिहून दिलीत. मराठीत टाइप करणाऱ्या कुणालाही ही अडचण येऊ शकते, आणि तिच्यासाठी रात्री जागणारा माणूस आम्हाला भेटला.

आता बॅकअप रोज शेवटपर्यंत जातो. सगळ्या फोटोंची एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. संध्याकाळी तालमीत या, मंडळींना तुम्हाला भेटायचं आहे.

आपला,
तालमीचा एक कार्यकर्ता