छापखानेवाल्या काकांस जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पुस्तक कसं घडतं, हे मुलांना दाखवणाऱ्या आमच्या सुट्टीतल्या कार्यशाळेबद्दल पालक अजून फोन करतायत आणि कौतुक आमच्या बालवाचनालयाचं होतंय. ते तुमच्या वाट्याचं आहे, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर.

मी तुमच्याकडे आले ती "मुलांना अर्धा तास छपाईबद्दल सांगाल का" एवढंच विचारायला. तुम्ही म्हणालात, "हात काळे करणार असतील तर येतो." आणि आलात ते टेम्पोतून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या केसेस (खणाखणांच्या पेट्या), खिळे जुळवायच्या स्टिका, जुळवलेला मजकूर ठेवायच्या गॅली, प्रूफ म्हणजे तपासायचा कच्चा छाप काढायचा रोळ असं सगळं बिऱ्हाड घेऊन!

पहिला, हातानं लिहिलेल्या पोथीचा दिवस मी सांभाळला. बोरू, काजळी आणि डिंकाची शाई, सुट्या पानांना वर-खाली लाकडी फळ्या. मुलं रमली. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला एकच शब्द जुळवायला दिलात आणि वाचनालयात कधी नव्हे ती शांतता पसरली. 'क्रिकेट' घेतलेला मुलगा रडकुंडीला आला. तोंडानं आधी 'क' म्हणायचं आणि हातानं आधी वेलांटी लावायची! त्यात अक्षरं उलटी. मी मदतीला धावले, तर तुम्ही मला खुर्ची दाखवलीत. त्याला फक्त म्हणालात, "प्रूफ काढ, मग बोलू." प्रूफ निघालं, वेलांटी भलत्याच अक्षराला. त्याची त्यालाच दिसली. कितीतरी कागद वाया गेला, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मला शिक्षिका म्हणून इतकी वर्षं हे जमलेलं नाही.

गोव्याची गोष्टही तुम्ही अशीच सांगितलीत. १५५६ साली अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला छापखाना गोव्यातच राहिला, इथवर मुलं ऐकत होती. पण १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलेलं, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचं मराठी 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत का, हे विचारल्यावर तुम्ही उत्तर दिलं नाहीत. देवनागरीची केस पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खण मोजा." काना, मात्रा, जोडाक्षरं मोजता मोजता मुलंच दमली आणि देवनागरी खिळे पाडायला किती खटाटोप लागला असेल, ते आपोआप कळलं. "आम्हीपण व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहितो," असं एक मुलगी म्हणाली तेव्हा तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मिरजेला १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापली गेली, हे आमच्या सांगलीकर मुलांना ठाऊकच नव्हतं. शाईत चरबी असेल म्हणून लोक छापील पुस्तकाला शिवत नसत, तेव्हा मुंबईचे जुने छापखानेवाले गणपत कृष्णाजी यांनी तुपाची शाई वापरली, ही आठवण मात्र त्यांनी घरोघरी पोचवली आहे. दोन आज्यांनी मला खातरी करून घ्यायला गाठलं.

सगळ्यात जास्त आभार शेवटच्या तासाचे. छापील कागद हातात पडल्यावर मुलं घरी पळायच्या तयारीत होती. तुम्ही दारात उभे राहिलात. "काम अर्धंच झालंय. खिळे ज्याच्या त्याच्या खणात." कुरकुर झाली. मग कुणीतरी विचारलं, "पण तेच पान परत छापायचं असेल तर?" "परत जुळवायचं," तुम्ही म्हणालात. "पुढच्या पानाला खिळे आणायचे कुठून?" पुस्तक असं पान मोडत मोडत पुढे जातं, हे मी शंभर चित्रं दाखवूनही पटवू शकले नसते. नंतर प्रत्येकाचे हात साबणानं धुतलेत का, ते तुम्ही जातीनं पाहिलंत. "त्यात शिसं आहे, खेळणं नाही ते." ट्रेडल हे छपाईचं यंत्र पाहायला मुलांना तुमच्याकडे नेलं तेव्हाही खडूची रेघ ओलांडू दिली नाहीत. पालकांच्या वतीनं त्याबद्दल वेगळे आभार.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा यायचं तुम्ही कबूल केलंय. तुमच्या २४ पॉइंट आकाराच्या खिळ्यांत 'ळ' कमी पडतात, हे लक्षात आहे. हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या माळ्यावर बंद पडलेल्या छापखान्याचे खिळे असतील, तर कृपया भंगारात किलोवर घालण्याआधी वाचनालयाला कळवा. न्यायला आम्ही येऊ.

आपली,
बालवाचनालयाची ताई
सांगली