खुले पत्र : तक्रारीचा पहिला आठवडा आणि अहवालाचा शेवटचा कागद

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या, महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसणाऱ्यांचं हे पत्र आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) विनियम मे 2016मध्ये अधिसूचित झाले. नियमांची कमतरता नाही. तक्रार हातात आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि अहवाल दिल्यानंतरचे दिवस, या दोन ठिकाणी सगळं निसटतं. तेवढ्यासाठी आपल्या विभागाचा एक नेमका शासन निर्णय हवा आहे.

मुलगी सहसा समितीकडे जात नाही. ती वर्गशिक्षिकेला किंवा वसतिगृहाच्या रेक्टरना सांगते. तिथून उत्तर मिळतं, "लेखी दे, मग बघू." वास्तविक तिला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं आणि सदस्यांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. अर्ज आलाच तर तो प्राचार्यांच्या टेबलावर राहतो. आवक क्रमांक पडत नाही, पोच मिळत नाही. पुढे घटनेपासून तीन महिन्यांची मुदत उलटल्याचा मुद्दा निघतो तेव्हा तिच्याकडे तारखेचा पुरावा नसतो. ही मुदत कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येते, हे कित्येक समित्यांना ठाऊकच नाही. अर्जाची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी 90 दिवसांत संपवायची. पहिलीच तारीख कागदावर नसेल तर यातलं काहीच मोजता येत नाही.

याच आठवड्यात दोन गोष्टी हमखास घडतात. तिला न विचारता पालकांना बोलावलं जातं. घरी कळलं की शिक्षण बंद, ही भीती खरी असते आणि या भीतीमुळेच अर्ज मागे घेतले जातात. सज्ञान विद्यार्थिनीच्या घरी कळवायचं की नाही हे तिनेच ठरवायला हवं. दुसरं, "आपसात मिटवा." समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच होऊ शकतो आणि पैशांच्या व्यवहारावर तर कधीच नाही. बळजबरीच्या प्रकरणात समेट हा शब्दही टेबलावर येऊ नये.

प्रकरण बलात्काराचं असेल तर क्रम वेगळा. आधी रुग्णालय. एफआयआर आधी आणा, असं कुठलंही रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार तातडीने आणि मोफत द्यावेच लागतात. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी. शरीरावरचे नमुने 96 तासांपर्यंत घ्यावेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत; वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा खराब होतो. तिने आंघोळ केली असेल तरी रुग्णालयात न्यायचंच. योनीत बोटं घालून केली जाणारी 'टू फिंगर टेस्ट' करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022मध्ये बजावलं आहे. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून, म्हणजे हद्द न पाहता, नोंदवता येतो. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचं साहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. एवढी माहिती एका पानात बसते. ते पान प्रत्येक रेक्टरच्या टेबलावर आणि सुरक्षारक्षकाच्या चौकीत हवं, कारण रात्री दोन वाजता समितीच्या अध्यक्ष जागेवर नसतात.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग त्याच इमारतीत भरतात. अठरा वर्षांखालच्या मुलीचं प्रकरण समितीने आतल्या आत चौकशीसाठी ठेवून घेणं हाच पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा होऊ शकतो. कलम 19नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. प्रथम वर्षातही सतरा वर्षांच्या मुली असतात. अर्ज हाती आला की आधी जन्मतारीख पाहावी, ही साधी सवय आम्हाला फार थोड्या ठिकाणी दिसते.

हद्दीचा वादही असाच नेहमीचा. राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) निवासी शिबिर, अभ्यास सहल, क्रीडा स्पर्धा, इंटर्नशिप ही सगळी यूजीसीच्या व्याख्येत 'परिसर'च आहेत. "ते कॉलेजबाहेर घडलं" म्हणून अर्ज परत करता येत नाही.

मुली सर्वात जास्त कशाला घाबरतात? अंतर्गत गुणांना. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकाची वही, पीएचडीच्या प्रगती अहवालावरची मार्गदर्शकाची सही, हे सगळं ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात असतं. चौकशी चालू असताना त्याला तिच्या मूल्यमापनापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. पण तसा आदेश परीक्षा विभागाला लेखी जात नाही, आणि सत्र संपताना वही पुन्हा त्याच्याचकडे जाते. पहिल्या सात दिवसांत पर्यायी परीक्षक किंवा मार्गदर्शक नेमणं सक्तीचं करावं.

चौकशी घाईत उरकणं हीसुद्धा तक्रारदारावर अन्यायच आहे. गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या 2009च्या तक्रारींवर समितीने भराभर सुनावण्या घेतल्या; प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023ला कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. म्हणून सदस्यांना प्रशिक्षण हवं. जबाब प्रश्नोत्तरांत आणि तिच्याच शब्दांत कसा घ्यायचा, प्रत्येक पानावर सही का, उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत कसे विचारायचे, हे कोणीतरी शिकवावं लागतं. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही.

चौकशी संपल्यावर अहवाल दहा दिवसांत द्यायचा, त्यावर 30 दिवसांत कारवाई. इथे संस्थाचालक मध्ये येतात आणि फाइल थांबते. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असेल तर त्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. तो शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात रुजू होतो आणि तिथे कोणाला काही कळत नाही. बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. दाद मिळत नाही म्हणून तिने जुलै 2025मध्ये आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि 14 जुलैला तिचा मृत्यू झाला. ओडिशातल्या त्या महाविद्यालयात जे अडलं, ते इथेही रोज अडतं.

तेव्हा शासन निर्णयात एवढं असावं : पोच त्याच दिवशी, मूल्यमापन बदलाचा लेखी आदेश सात दिवसांत, तिसाव्या दिवशी कारवाई झाली नसेल तर कारणांसह फाइल उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे, आणि नेमणुकीआधी मागच्या संस्थेकडून शिस्तभंगाची लेखी माहिती, कंत्राटी व तासिका तत्त्वावरच्यांसाठीही. वार्षिक अहवालात 'तक्रारी : शून्य' लिहिणाऱ्या संस्थेचं कौतुक करणं थांबवावं आणि तिथली समिती आधी तपासावी. हे सगळं येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी निघावं.

आपल्या,
अंतर्गत समित्यांवरील बाह्य सदस्य