व्यायाम म्हणू नकोस

मादी, कैरो
गुरुवार, रात्री

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझ्या आईंनी तुझ्या नाचाच्या क्लासबद्दल विचारलं तर मी आपलं व्यायाम म्हणून सांगते, म्हणजे पुढचे प्रश्नच नकोत." मी हो म्हणाले. फोन ठेवला, कुकर लावला, आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत तो 'हो' मला टोचत राहिला. तो मला परत घ्यायचाय. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलेय.

व्यायाम होतोच गं. दोन वर्षांत पाठदुखी गेली, जिना चढताना धाप लागत नाही. पण मी त्यासाठी जात नाही. मी नाच शिकायला जाते.

आधी नावाचं सांगते. 'बेली डान्स' हे नाव इथल्या लोकांनी ठेवलेलं नाही. फ्रेंच लोक त्याला 'पोटाचा नाच' म्हणायचे, आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोचा एक आख्खा रस्ता उभा केला होता, तिथल्या नाचानंतर ते नाव अमेरिकेत रुजलं. इथे म्हणतात 'रक्स शर्की', पूर्वेकडचा नाच. आणि घरात, गल्लीत, लग्नात जो नाचतात तो 'रक्स बलदी', म्हणजे आपल्या मातीतला. गझला ऐकून ऐकून रक्स हा शब्द तुला पाठच आहे. मांडीवर आडवा धरून वाजवतात त्या ढोलाला हे लोक काय म्हणतात माहितेय? तबला! पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, तबला ऐक, आणि मी दोन वेगळे भाग शोधत बसले. बोल आहेत दुम आणि तक. मक्सूम नावाचा ताल आहे, दुम तक, तक दुम, तक. आपल्या केरव्यावर वाढलेल्या कानाला तो परका वाटत नाही.

आणि पोटाचं म्हणशील तर इथे नाचणाऱ्या बाईला नियमाने पोट झाकावं लागतं, निदान जाळीने तरी. खरं काम कमरेचं. बाई मला भिंतीला पाठ लावून उभं करतात. खांदे हलायचे नाहीत, बरगड्या हलायच्या नाहीत, एकटी कंबर आठचा आकडा काढणार. पहिले चार महिने माझा आठ म्हणजे चेपलेलं शून्य होतं. बाई माझ्या कमरेवर दोन बोटं टेकवून म्हणायच्या, "शुवय्या, शुवय्या." हळूहळू. एके दिवशी काही न करता ती फिरली. मला आठवली तुझ्या आजीची जात्यावरची कंबर. हात खुंट्याला, वरचं अंग शांत, आणि कंबर आपली वेगळीच फिरतेय. अंगात ते असतंच, आपण फक्त त्याच्यावर बसून राहतो.

सगळ्यात अवघड तुकडा म्हणजे तक्सीम. ताल थांबतो आणि कानून, म्हणजे पुष्कळ तारांचं वाद्य, किंवा नै, म्हणजे इथली बासरी, एकटीच वाजते, आपल्या आलापासारखी. तेव्हा काय करायचं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, काही करू नकोस, ऐक, आणि तुला जे ऐकू येतंय ते आम्हाला दिसू दे. कानूनची तार थरथरली की अंगात तेवढाच थरकाप, जास्त नाही. बसवलेलं काही नसतं, त्या क्षणी सुचेल ते. वादक आणि नाचणारी एकमेकांत विरघळली की इथे म्हणतात 'तरब' आला. आपण रंगली म्हणतो ना बैठक, तसं.

आता बाईंचं सांगते. साठी ओलांडलेल्या, मोहम्मद अली रस्त्यावरच्या वादकाच्या घरात जन्मलेल्या. हा रस्ता अताबाच्या चौकातून निघून किल्ल्याकडे जातो. एके काळी लग्नासाठी वादक आणि नाचणाऱ्या ठरवायच्या तर लोक इथेच यायचे. नाचणाऱ्यांना 'अवालिम' म्हणायचे, एकेकीला 'आलिमा'. आपल्या 'आलीम'चंच स्त्रीलिंग, जाणकार बाई. आता बरीच दुकानं फर्निचरची, पण ऊद हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर अजून आहेत. मी सागात घ्यायला तिथे गेले होते. बोटांत बसणारे चिमुकले झांज, दोन अंगठ्यांना, दोन मधल्या बोटांना, इलॅस्टिकने अडकवायचे. दुकानदार म्हाताऱ्याने चार जोड माझ्या कानाजवळ एकेक वाजवले आणि नाद विरेपर्यंत स्वतः डोळे मिटून उभा राहिला. तिसरा जोड काढून माझ्या हातात दिला, बाकीचे मला दाखवलेसुद्धा नाहीत. इलॅस्टिकचा वळ अंगठ्यावर दोन दोन दिवस राहतो. पोळ्या लाटताना तो दिसला की मला उगाच बरं वाटतं.

बाई लग्नाच्या मिरवणुकीत नाचायच्या. तिला 'झफ्फा' म्हणतात. नवरीपुढे नर्तकी चालते आणि तिच्या डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झुंबर असतं, त्याचं नाव शमअदान. मान ताठ, ज्योती स्थिर, आणि खाली कंबर तालात. बाईंचं शमअदान पितळेचं आहे, चांगलंच जड. डोक्यावर बसतं त्या कड्याला आतून मखमल लावलेली, ती घामाने काळी पडलीये. मी ते हातात घेतलं तेव्हा कड्यावर मेणाचे जुने ओघळ होते. बाई ते खरवडत नाहीत.

ते ठेवतात कुठे माहितेय? कपाटावर, चादरीत गुंडाळून. त्यांची मुलगी नोकरी करते, चांगल्या घरात दिलीये. तिने सासरी सांगितलंय, माझी आई नाचाचे कपडे शिवायची. व्याही घरी यायचे असले की बाई स्वतःच ती चादर नीट खोचून घेतात. मला हे त्यांनी अगदी सहज, चहा ओतता ओतता सांगितलं. मी काही बोलू शकले नाही. त्यानंतर चारच दिवसांनी तुझा फोन आला, आणि मी तुला हो म्हणाले. आता कळलं ना तो हो का टोचला?

हे आजचं नाही. १८३४ साली इथला तेव्हाचा राज्यकर्ता मोहम्मद अली पाशा याने नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकलून दक्षिण इजिप्तमध्ये, इस्ना, किना, असवानला धाडलं. (गंमत बघ, बाई जन्मल्या तो रस्ताही त्याच्याच नावाचा.) पुढे १९२६ साली बदीया मसाबनी या नर्तकीने कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं. त्या रंगमंचावर तहिया कारियोका आणि सामिया गमाल या गाजलेल्या नर्तकी घडल्या. मी जुन्या चित्रफिती बघते तेव्हा सामिया सगळा मंच व्यापते, हात असे की बघत राहावं. तहिया मात्र दोन पावलांच्या जागेत उभ्याउभ्या सगळं सांगून जाते. मला तहिया जास्त आवडते. राजकीय मतांपायी ती १९५० च्या दशकात तुरुंगातही जाऊन आली. कैरोत वाढलेल्या एडवर्ड सैदसारख्या विद्वानाने तिच्यावर मोठ्या आदराने लिहिलंय.

मग १९५९ साली महमूद रदाने आपली नाचाची मंडळी उभी केली. हा माणूस १९५२ च्या ऑलिम्पिकला जाऊन आलेला जिम्नॅस्ट. मंडळीतली मुख्य नर्तकी फरीदा फहमी, तिचे वडील विद्यापीठात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. ते मुलीच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले आणि मध्यमवर्गाला नाच पचला. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण तो नाच पचला तो लोकनृत्य म्हणून, अंगभर कपड्यांत, 'आमचा नाच त्या नाचापेक्षा वेगळा' असं म्हणत. कंबर तीच, ताल तोच. मान मिळाला, पण ज्यांच्याकडून नाच घेतला त्या बायकांपर्यंत तो पोचला नाही. तुला यात काही ओळखीचं वाटतंय?

नववीचं गॅदरिंग आठव. तुझ्या गच्चीवर आपण महिनाभर लावणी बसवली. तुझ्या आईचं हिरवं नऊवारी, आणि तुझ्या काकांनी गावच्या नाटक मंडळीकडून मागून आणलेले घुंगरू. पायाला बांधले की चालताना पाय ओढायला लागायचा इतके भरलेले. आणि आठ दिवस आधी आपल्याला बोलावून सांगितलं, हा नाच चांगल्या घरातल्या मुलींनी करायचा नसतो, कोळीगीत घ्या. आपण कोळीगीत केलं, टाळ्याही मिळाल्या. मंचामागे तू रडलीस, सगळं काजळ गालावर. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सकाळी सकाळी तूच मला फोन केला होतास ना? जागेवर बसून नुसत्या भुवईने आणि बोटांनी त्या लावणी कशी उलगडायच्या, हे तू मला तासभर सांगत होतीस. मग माझ्या आईपुढेच तुला व्यायाम का आठवला?

आई रागावेल, मला माहितेय. तिला सांग, तुमची मुलगी सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्स शर्की शिकतेय, एका फार मोठ्या बाईकडे. उरलेलं मी बोलेन तिच्याशी.

काल बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडच्या नाचणाऱ्या पायात काय घालतात? मी हाताने दाखवायचा प्रयत्न केला, टेबलावर बोटं वाजवून दाखवली, त्यांना काही कळेना. डिसेंबरात तू येतेयस ना, त्याआधी एकदा माळ्यावर चढ. ते घुंगरू आपण परत दिलेच नव्हते, तुझ्या आईने जुन्या पोत्यात बांधून ठेवलेले मला आठवतात. हिरवे झाले असतील तर चिंच लावून घासून काढ, आणि बॅगेत नीट कपड्यात गुंडाळ. बाई म्हणाल्यात, शमअदान खाली काढून ठेवते.

तुझीच,
मी