चेटकिणीचं नाक

पुणे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगाच्या गडबडीत होतो. "चेटकीण मला दिलीय, नाक कसलं लावू ते सांग," एवढंच तू म्हणालास, तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि बोलणं राहिलं. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. म्हणून पत्रच लिहायला बसलो. लांबेल, पण पूर्ण वाच.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी रशियन शिकायला जायचो, आठवतं? तिथे असतानाच 'मोरोझ्को' हा रशियन चित्रपट पहिल्यांदा पाहिला. 1964 चा, गॉर्की स्टुडिओचा. सावत्र आई नास्त्याला ऐन थंडीत जंगलात सोडायला लावते आणि तिथे तिला हिमाचा म्हातारा राजा भेटतो, अशी गोष्ट. त्याच जंगलात कोंबडीच्या पायांवर उभी असलेली एक झोपडी आहे आणि तिच्यात राहते बाबा यागा, त्यांच्याकडची चेटकीण. मला वाटलं, काय जबरदस्त बाई शोधून काढलीय! शेवटी कळलं की ती बाई नव्हेच. गिओर्गी मिल्यार नावाचा साठीचा नट होता तो.

आपल्याकडे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. पण मिल्यारने बाबा यागा पहिल्यांदा केली ती 1939 मध्ये, 'सुंदर वासिलिसा' या चित्रपटाच्या वेळी. दिग्दर्शक अलेक्सांद्र रोऊ, 'मोरोझ्को'ही पुढे त्यानेच केला, या भूमिकेसाठी बायकांच्या चाचण्या घेत होता, कुणी मनासारखी मिळेना. मिल्यार आपणहून पुढे आला. कुठलीही नटी स्वतःला इतकं कुरूप करून घेणार नाही, असं त्याचं म्हणणं.

आता मुद्द्याचं. ती चाल त्याने कुठून उचलली, माहितेय? याल्टामध्ये त्याला एक म्हातारी ग्रीक बाई दिसली होती. शेळ्या राखायची, हातात काठी, कंबरेत वाकलेली. तीच त्याने मनात धरून ठेवली. आता 'मोरोझ्को' पुन्हा लावलास तर चेहऱ्याकडे बघू नकोस, पाय बघ. आधी मान पुढे जाते, मग खांदा, मग कंबर, आणि पाऊल सगळ्यात शेवटी फरफटत येतं. मी त्याचे प्रवेश आवाज बंद करून पाहिले आहेत. नाक झाकलं तरी ती म्हातारीच राहते, अव्या. अंगावर गोणपाटासारख्या चिंध्या, डोक्यावर विस्कटलेल्या बटा, बाकी सगळं शरीराचं काम.

त्या काळी संगणक कुठला असायला? 'वासिलिसा'तला तीन डोक्यांचा सर्प खराखुरा बांधलेला होता. 11 मीटर लांब, आणि आत 20 सैनिक शिरून त्याला हलवायचे. 'मोरोझ्को'ची हिवाळ्यातली दृश्यं उत्तरेला कोला द्वीपकल्पात घेतली आणि उन्हाळ्यातली मॉस्कोजवळ झ्वेनिगोरोदला. त्यात नायक इवान दरोडेखोरांचे सोटे इतके उंच भिरकावतो की ते हिवाळ्यात त्यांच्याच डोक्यावर येऊन पडतात. एक ऋतू उलटेपर्यंत सोटे आभाळातच! हा प्रवेश आला की मला आजही लहान झाल्यासारखं वाटतं.

आणि कलाकारांचे हाल! सावत्र बहीण मार्फुष्का केली इन्ना चुरिकोवाने, पुढे फार मोठी झालेली नटी, तेव्हा नुकती विशीत होती. झाडाखाली बसून ती सफरचंदं कराकरा खाते आणि दूध पिते. पण सफरचंदं आणलेलीच नव्हती. तिने कांदे खाल्ले, टेक मागून टेक, वर पाणी घातलेलं दूध. आता तो प्रवेश बघताना तिच्या डोळ्यांकडे माझं लक्ष जातंच. नास्त्या झालेली नताल्या सेदिख तर पंधरा वर्षांची, बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी. रोऊने तिला स्केटिंग करतानाच हेरलं होतं. मिल्यार स्वतः 1961 च्या एका चित्रपटात सैतान झाला होता, त्यासाठी त्याच कोला भागात गोठलेल्या पाण्यातल्या भोकात उतरला. त्याच्या आधी, युद्धकाळात, अमर कश्चेई, म्हणजे त्यांच्या लोककथांतला हाडकुळा खलनायक, केला तेव्हा स्टुडिओ दुशान्बेला हलवलेला होता आणि हा मलेरियाने हाडांचा सापळा झालेला. तेच शरीर घेऊन तो कॅमेऱ्यापुढे उभा राहिला.

एक गोष्ट मात्र मला फार लागते. बाबा यागा त्याने रोऊकडे चार वेळा केली. रोऊ 1973 च्या डिसेंबरात गेला. ज्याने रशियातल्या कितीतरी पिढ्यांना घाबरवलं आणि हसवलं, त्या मिल्यारला रशियाचा 'लोककलाकार' हा किताब मिळाला 1988 मध्ये. तेव्हा तो 84 वर्षांचा होता. मुलांसाठी काम करणाऱ्याला सगळीकडे उशिरा विचारतात. बालनाट्याचं मानधन मागताना आपल्यालाही "मुलांचंच तर आहे" हे किती वेळा ऐकावं लागलंय! म्हणून सांगतो, या भूमिकेला दुय्यम समजू नकोस. तू 'नटसम्राट'साठी जेवढी तालीम करशील, तेवढीच हिच्यासाठी कर.

तुमच्याकडचा आठवडी बाजार चुकवू नकोस. लसूण-मिरच्या घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या असतात ना, त्यांच्यापाशी तासभर बस. सुटे पैसे कनवटीतून कसे काढतात, उठताना हात कुठे टेकतात, टोपली डोक्यावर घेताना मान कशी ताठ होते आणि चालायला लागल्यावर पुन्हा कशी खाली येते, ते बघ. चार खेपा केल्यास तरी चालेल. तालमीत पहिले आठ दिवस नाक लावूच नकोस.

नाक मी केलंय. लेटेक्सचं, हलकं, डाव्या बाजूला एक चामखीळ. पुट्टीचं केलं असतं तर दिव्यांच्या उष्णतेने दुसऱ्या अंकात लोंबलं असतं. बुधवारच्या सकाळच्या एसटीने पाठवतो, स्टँडवर जाऊन घे. नाक चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली वेगळी गुंडाळली आहे. लावायच्या आधी कातडीवरचं तेल पुसून घे आणि नाकपुड्यांच्या कडा मोकळ्या ठेव, नाहीतर संवादात श्वास अपुरा पडेल.

काकूंना नमस्कार. पहिल्या प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळव, मी येतोय.

तुझा,
मंदार