शिष्यवृत्ती दिलीत, आता अनुदानित तुकडीही द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर बसलो की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, हे ग्रँटचं की नॉनग्रँटचं?" मार्कलिस्ट नंतर निघते. साध्या बीएस्सीचं शुल्क शेतमजुराच्या घरालाही झेपतं. त्याच इमारतीत, त्याच प्रयोगशाळेत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला किंवा बायोटेक्नॉलॉजीला बसायचं तर कित्येक पटींनी जास्त भरावं लागतं, कारण त्या तुकडीवरच्या शिक्षकाचा पगार सरकार देत नाही, मुलांचे आईबाप देतात. शुल्काचा आकडा ऐकून मुलीकडे न बघताच "साधी बीएस्सी लिहा" म्हणणारे वडील आम्हाला नवे नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. २००१ पासून राज्यात नवी महाविद्यालयं आणि नव्या तुकड्या 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवर, द्यायचं धोरण आलं. शाळांवरची ही 'कायम'ची अट २००९ मध्ये काढली गेली, महाविद्यालयांच्या मानेवर ती तशीच राहिली. गेल्या पंचवीस वर्षांत मागणी वाढली ती बहुतेक कॉम्प्युटर, बायोटेक्नॉलॉजीसारख्या नव्या विषयांना, आणि ते आले याच विनाअनुदानित तुकड्यांत. म्हणजे अनुदान राहिलं जुन्या विषयांकडे, आणि ज्यांच्या जोरावर गरिबाचं पोर नोकरीपर्यंत पोचेल ते विषय गेले पैसेवाल्यांच्या रांगेत. विद्यापीठांच्या आवारातही 'स्वयंअर्थसहाय्यित', म्हणजे मुलांच्या शुल्कावरच चालणाऱ्या, अभ्यासक्रमांचं हेच चाललं आहे.

आणि जिथे अनुदान आहे, तिथे माणसं नाहीत. २०१८ मध्ये सरकारने रिक्त पदांपैकी फक्त ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक भरायला मान्यता दिली. ती भरती पुरी होण्याआधी कोरोना आला, मे २०२० मध्ये नव्या भरतीवर बंदी आली, आणि उरलेल्या २,०८८ जागांसाठी पुन्हा मान्यता मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. बाकीच्या ६० टक्क्यांचं काय, हे विचारायचं नसतं. दरम्यान माणसं निवृत्त होतच राहिली. त्यांच्या जागी आलेले सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक, प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट परीक्षा किंवा पीएचडी झालेले असतात, आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा असते, आणि तासिका झाली तरच मानधन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासिकेला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला. आपल्या राज्याचा दर त्याच्या खालीच राहिला. मग २०२५ च्या एनआयआरएफ यादीत, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर घसरलं, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

आपण म्हणाल, सरकार पैसे देतंच आहे. खरं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. त्या निर्णयाचं मी मनापासून स्वागत केलं, आजही करतो. पण शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे मुलीचं शुल्क सरकारने भरून देणं, हे अनुदान नव्हे. प्रतिपूर्ती मिळते त्या वर्षीच्या मुलीच्या नावावर, तीही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून, रखडत. कधी येईल याची खात्री नसलेल्या पैशावर कोणतीही संस्था कायम शिक्षक नेमत नाही, नेमूही शकत नाही. मग संस्था शुल्क वाढवते, वाढलेल्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारच भरतं, आणि वर्गात तोच सीएचबीवाला उभा. शिवाय शुल्काच्या या सवलतीत खोलीभाडं आणि मेसचे पैसे येत नाहीत. शुल्काची एक योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. महाराजांनी फी माफ केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पण त्याबरोबर शाळा आणि वसतिगृहंही उभी केली, एवढं आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणून नवी योजना नको. अनुदानित महाविद्यालयांतल्या, सलग काही वर्षं पूर्ण भरलेल्या विनाअनुदानित तुकड्या टप्प्याटप्प्याने अनुदानावर घ्या. सुरुवातीला वीस टक्के अनुदान मिळालं तरी चालेल, शाळांना तसंच मिळालं होतं. रिक्त पदं टक्केवारीत न मोजता सगळी भरा. आणि प्रतिपूर्तीचा पहिला हप्ता पहिलं सत्र संपायच्या आत खात्यावर यावा, नाहीतर संस्था तो मुलांकडून आगाऊ मागते आणि मुलं सावकाराकडे जातात.

याआधी एक साधं काम करता येईल. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात गेल्या दहा वर्षांचे दोन आकडे शेजारी-शेजारी सभागृहासमोर ठेवा: शुल्कप्रतिपूर्तीवर खात्याचा झालेला खर्च, आणि त्याच काळात मंजूर पण रिक्त ठेवलेल्या पदांचा वाचलेला पगार. दुसरा आकडा विद्यापीठनिहाय द्यावा, ही विनंती.

आपला,
अनुदानित तुकडीवरचा एक प्राध्यापक