बेख्लीचं पान लिहावं का?

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

जीवाश्म कीटकांचा जर्मन अभ्यासक ग्युंटर बेख्ली याचं पान मराठी विकिपीडियावर लिहू का, असं तू विचारतोयस म्हणजे निम्मं लिहून झालेलं असणार. माझं उत्तर हो आहे. पण तू दिलेल्या कारणासाठी नाही, म्हणून हे एवढं लांबण.

इंग्रजी विकिपीडियावरचं त्याचं पान २०१७ च्या ऑक्टोबरात काढून टाकलं हे वाचून तू भडकलास. उत्क्रांतीबद्दलचं त्याचं मत पटलं नाही म्हणून माणूसच पुसला, असं तुझं म्हणणं. जरा दम धर. चतुर आणि टाचण्या या कीटकांबद्दल तू मला शिकवायचंस, पण विकिपीडियावर पान ठेवायचं की काढायचं या भांडणांत मीही बराच वेळ घालवलाय.

आधी त्याचं काम. स्टुटगार्टच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात तो अंबर (म्हणजे जीवाश्म झालेली राळ) आणि जीवाश्म कीटकांचा अभिरक्षक होता. जीवाश्म चतुरांच्या शंभरावर जाती त्यानं वर्णिल्या. ब्राझीलच्या जीवाश्मांनी भरलेल्या क्राटो खडकांवरचा केंब्रिजचा २००७ चा ग्रंथ ज्या तिघांनी संपादित केला त्यांतला तो एक. २०११ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यानं कीटकांचा एक अख्खा नामशेष गण (वर्गीकरणात जातीच्या कितीतरी वरची पायरी) मांडला, कॉक्सोप्लेक्टॉप्टेरा. पंख चतुरासारखे आणि पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे, असलं अजब ध्यान. नवी जाती पुष्कळांना सापडते रे, नवा गण किती जणांच्या वाट्याला येतो?

मग ती तराजूची गोष्ट. २००९ साली डार्विनच्या द्विशताब्दीचं प्रदर्शन त्यानंच मांडलं. एका पारड्यात डार्विनचा ग्रंथ, दुसऱ्यात विरोधकांची पुस्तकं, आणि डार्विनचं पारडं जड. त्यानं स्वतः सांगितलंय की पुढे ती विरोधकांची पुस्तकं तो वाचायला बसला आणि तिथून त्याचं मन फिरलं. २०१५ मध्ये त्यानं 'इंटेलिजंट डिझाइन'ला, म्हणजे सजीवांमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे या मताला, उघड पाठिंबा दिला, २०१६ मध्ये संग्रहालय सोडलं आणि तो याच मताचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेतल्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटशी जोडला गेला. पुढच्याच वर्षी पान गेलं.

हा क्रम पाहून तू थेट निष्कर्षावर उडी मारलीस. पण काढा म्हणणाऱ्यांचा मुद्दा फालतू नव्हता. विकिपीडियावर पान मिळण्यासाठी तुम्ही बरोबर असावं लागत नाही. तुमच्याबद्दल तुमच्याशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी नीट, सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. अँड्र्यू वेकफील्डचंच बघ. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा त्याचा १९९८ चा निबंध वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याचं पान काढा असं कुणी गंभीरपणे म्हणणार नाही, कारण त्याच्यावर जगभर लिहिलं गेलंय. बेख्लीबद्दल असं कुणी लिहिलं होतं? आयुष्याची हकीकत सांगणारे बहुतेक त्याच्याच नव्या गोटातले. त्यांच्या भरवशावर पान उभं केलं तर ते गौरवांकच होणार.

प्राध्यापक-संशोधकांसाठी मात्र आणखी एक दार आहे. वर्तमानपत्रांनी दखल घेतलेली नसली, तरी आपल्या विषयावर ठसा उमटवला असेल तर पान चालतं. खरी गोची इथेच होते, कारण ठसा मोजायला लोक लगेच संदर्भांचे, म्हणजे इतर संशोधकांनी निबंधाचा किती वेळा हवाला दिला त्याचे, आकडे काढतात. कर्करोगावरच्या निबंधाला मिळणारे संदर्भ आणि जीवाश्म चतुरावरच्या निबंधाला मिळणारे संदर्भ एकाच फूटपट्टीनं कसे मोजणार? तो विषय करणारी माणसंच मूठभर.

हे दार नीट न उघडल्याची फजिती लगेच पुढच्या वर्षी झाली. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा विकिपीडियाचा मसुदा मे २०१८ मध्ये 'पुरेसे संदर्भ नाहीत' म्हणून परत पाठवला गेला. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल. बाई २०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या, एवढ्यावरच खरं तर काम भागायला हवं होतं. तिथे मतांचा वाद औषधालाही नव्हता, तरी हे झालं. म्हणून प्रत्येक वेळी कटाचा वास घेऊ नकोस.

तरीही बेख्लीचं पान ठेवायला हवं होतं असंच मला वाटतं, ते त्या गणासाठी आणि त्या शंभरावर जातींसाठी. त्यानं तोंड उघडलं नसतं तर त्या पानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, हा माझाही संशय आहे. गंमत म्हणजे पान काढल्यावर इस्रायलच्या 'हारेत्झ' या वर्तमानपत्रानं त्या काढण्यावरच लेख छापला. म्हणजे जी स्वतंत्र दखल नव्हती, ती पान काढल्यामुळे मिळाली!

आपल्याकडे चित्रावशास्त्र्यांनी १९४६ च्या अर्वाचीन चरित्रकोशात कुणाला घ्यायचं ते ठरवलं, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचं नाव होतं. कुणाला राग आला तर पत्र लिहायला पत्ता होता. विकिपीडियावर निर्णय संपादकांच्या 'सहमती'चा, मग भांडायचं कुणाशी? आणि मराठीत तर उलटंच. चर्चेला माणसंच नाहीत. तुझं पान टिकेल ते बहुधा कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून, तेव्हा परीक्षक तुलाच व्हावं लागेल.

आधी काम लिही, भरपूर, तुझ्याइतकं मराठीत कोण लिहिणार? मतांतराला तीन-चार वाक्यं पुरेत. त्यात जीवशास्त्रज्ञ 'इंटेलिजंट डिझाइन'ला विज्ञान मानत नाहीत हे सरळ सांग. शाळेत ते शिकवण्यावरून झालेल्या पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात २००५ मध्ये न्यायालयानंही तेच म्हटलंय, तो दाखला चालेल. डिस्कव्हरीवाल्यांकडून तारखा घे, विशेषणं नको. पान काढल्याची कथा एका वाक्यात संपव, तिथेच तुझा हात सुटणार हे मी ओळखून आहे. तो जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रियात मोटार अपघातात गेला, आता त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडून फुगवून लिहिणं सोपं झालंय.

छायाचित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उचलू नकोस, परवाना लागतो. मसुदा आधी मला पाठव, आणि पाठवण्यापूर्वी पत्रात तू त्याला लावलेलं 'विज्ञानाचा हुतात्मा' हे बिरुद तिथे असेल तर खोड. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
अवधूत