कोळशांचा विस्तव

यॉर्कशायर, इंग्लंड
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

दर रविवारी फोन होत असताना हे पत्र कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. मागच्या दोन रविवारी मी फोनवर "सगळे बरे आहे" असे सांगितले. ते खरे नव्हते, आणि जे खरे आहे ते तुमचा आवाज कानावर पडत असताना मला सांगवणार नाही, म्हणून लिहून काढते आहे. या पानांचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवीन.

मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, रुग्णालयात परिचारिकेचे काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. वॉर्डातील एका वयस्कर रुग्णाला मी संध्याकाळच्या जेवणाआधी इन्सुलिन दिले. हे इन्सुलिन लवकर काम करणारे असते, त्यामुळे ताट समोर आल्यावरच ते द्यायचे आणि माणूस जेवतो आहे की नाही हे पाहायचे, असा नियम आहे. मी ते दिले, शेजारच्या खाटेवरून हाक आली म्हणून तिकडे गेले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातील माणूस न शिवलेले ताट परत घेऊन गेला. तासाभराने पाहते तो रुग्णाला दरदरून घाम सुटलेला आणि हात थरथरत असलेले. इथे रक्तातील साखर मिलिमोलमध्ये मोजतात आणि ४ च्या खाली गेली की धावपळ करावी लागते, त्यांची ३.१ होती, म्हणजे आपल्याकडच्या मापाने ५६च्या आसपास. मी ताबडतोब ग्लुकोज दिले. पंधरा मिनिटांनी साखर ४.६ वर आली, मग त्यांना टोस्ट खायला घातला. ते बरे आहेत, त्यांना काहीही इजा झालेली नाही, हे, बाबा, आईला आधी सांगा.

मात्र त्या पंधरा मिनिटांत वॉर्डच्या मुख्य सिस्टरने मला विचारले, "ते जेवले होते ना?" आणि मी म्हणाले, "हो, थोडे जेवले होते." रुग्णाने विचारले, "मला असे का झाले?" त्यांना मी म्हणाले, "या वयात कधी कधी होते." फक्त तक्त्यावर मी अजून काही लिहिले नव्हते.

भीती कशाची होती, तेही लिहिते. माझा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला सहसा साठ दिवसच मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. माझ्या येण्यासाठी काढलेल्या कर्जाचा आकडा मला झोपेतही पाठ आहे. पण खरे सांगायचे तर त्याहून मोठी भीती लोकांची होती: नवापूरची मुलगी विलायतेला गेली आणि तोंड काळे करून परत आली, असे म्हटले जाईल याची.

साडेसहाला मला अर्ध्या तासाची सुट्टी मिळाली. विश्रांतीच्या खोलीत एक जुना विजेचा हीटर आहे, त्याच्या दोन लाल कांड्या पेटलेल्या होत्या. बाहेर पाचपासूनच अंधार आणि थंडी. मी हात शेकत उभी राहिले, आणि मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिले आहे की प्रभूला अटक झाली त्या रात्री थंडी होती, दासांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता आणि पेत्रही त्यांच्यात शेकत उभा होता. तिथे उभे राहूनच त्याने, "मी त्याच्या शिष्यांपैकी नाही," असे सांगितले. त्या रात्री त्याने तीनदा नाकारले, आणि लगेच कोंबडा आरवला. हा भाग मी लहानपणापासून ऐकला आहे, संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीसही मिळवले आहे. पण पेत्र शेकत होता, म्हणजे त्याला नुसते ऊबेत उभे राहायचे होते, कोणी आपल्याकडे पाहू नये एवढेच हवे होते, हे मला तोवर कळले नव्हते.

बाबा, त्याच वेळी तुम्हीही आठवलात. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिलाच. तुमच्या पोल्ट्रीतील सगळे पक्षी मारले गेले आणि तुमचे काम सुटले. मग पांढरे झगे घातलेली माणसे घरोघरच्या कोंबड्या न्यायला आली. मी नऊ वर्षांची होते. माझा तांबडा कोंबडा मी मागच्या पडवीत डालग्याखाली झाकला होता आणि वर पाटा ठेवला होता. "आणखी काही पक्षी आहेत का?" असे त्यांनी विचारले, आणि तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही म्हणालात, "नाही, साहेब." ती माणसे दोन घरे पुढे गेली. तुम्ही उंबऱ्यावर बराच वेळ उभे होतात. मग तुम्ही पाटा उचललात, कोंबडा काखेत घेतलात आणि अनवाणीच त्यांच्या मागे गेलात. "साहेब, एक राहिला होता." तुमचा आवाज कापत होता. दादा ही गोष्ट सांगताना कोंबडा आरवला असे घुसडतो; तो मुळीच आरवला नव्हता. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. माझे बाबा भित्रे आहेत, असे मला वाटले होते. त्याबद्दल आज एकोणीस वर्षांनी क्षमा मागते.

"भिऊ नको" हे वचन आपण इतक्या वेळा ऐकतो की भीती वाटणे हेच पाप आहे, अशी माझी समजूत होऊन बसली होती. भीती वाटली की मी आधी ती लपवायची आणि मग ती लपवण्यासाठी आणखी काही लपवायचे. परंतु अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः हा प्याला टळून जावा अशी प्रार्थना केली, आणि ती मनात ठेवली नाही. शिष्यांना आपला जीव अति खिन्न झाल्याचे सांगितले. हीटरपुढे मला धड प्रार्थनाही सुचेना. सुचले ते पेत्राचेच दुसरे वाक्य. पुढे, पुनरुत्थानानंतर, समुद्रकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि प्रभू त्याला तीनदा प्रीतीविषयी विचारतो. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होऊन म्हणतो, "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे." ज्याला सर्व ठाऊक आहे त्यानेच न्याहारी मांडून ठेवली होती. त्याच्यापुढे लपवण्यासारखे काही उरले नव्हते, आणि मग सिस्टरपुढे लपवून मी काय राखणार होते?

नोकरी टिकेल असा कोणताही दिलासा मला त्या क्षणी मिळाला नाही. पाय लटपटतच होते. सात वाजता मी सिस्टरकडे गेले आणि म्हणाले, "ते जेवले नव्हते. मी खोटे बोलले." तिने कागद पुढे ओढून सगळे लिहून घेतले, रागावली नाही, आणि म्हणाली की रुग्णाला तूच जाऊन सांग. उपचारात रुग्णाला इजा झाली तर ते त्याला उघडपणे सांगावे, असे इथल्या रुग्णालयांवर २०१४ पासून कायद्याचेच बंधन आहे, आणि इजा झाली नसली तरी प्रांजळपणे बोलणे हे आम्हा परिचारिकांचे कर्तव्य मानतात. मी त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की ताट नेले तेव्हा मला भूक नव्हती, पण आता आहे. मी त्यांना आणखी एक टोस्ट आणून दिला आणि ते तो संपवेपर्यंत तिथून उठले नाही.

सध्या मला दुसऱ्या परिचारिकेच्या देखरेखीशिवाय इन्सुलिन देता येत नाही. चुकीपेक्षा खोटे बोलण्याची चौकशी अधिक कडक होणार, असे दिसते, आणि ते मला योग्यच वाटते.

सिस्टरला सांगून झाले, रुग्णाला सांगून झाले, तुम्ही तिसरे. मोजून केलेले नाही, पण तसे झाले खरे.

चौकशीची बैठक येत्या बुधवारी सकाळी दहाला आहे. तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. त्या वेळी दोघांनी माझ्यासाठी प्रार्थना करा. पाळकसाहेबांना सांगायचे असेल तर सांगा, आणि मंडळीत साक्ष म्हणून सांगायची असेल तर खोटे बोलल्याचे आधी सांगा. आईला पत्र वाचून दाखवताना तुम्ही अवघड मजकूर गाळता, हे मला ठाऊक आहे. या वेळी साठ दिवसांचा भागही वाचा.

तुमची मुलगी